दोनशे चौदा छायाचित्रांचे निर्विघ्न स्थलांतर

शनिवार, दि. ९. सकाळी ७.१०

स्वस्ति. छायाप्रकाशविशारद, बिंबप्रतिबिंबभास्कर, कुटुंबैकछायाचित्रकार, चतुर्दशमेगापिक्सेलधारक, अभिलेखकक्षाधिपती (प्रभारी, गेली नऊ वर्षे), पदवीधर (द्वितीय श्रेणी), तसेच या इमारतीच्या जिना-स्वच्छता-समितीचे माजी सहचिटणीस, अशा अस्मादिकांनी स्वहस्ते, स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना लिहिलेल्या या रोजनिशीस आज प्रारंभ होत आहे. ही रोजनिशी कोणीही वाचू नये. वाचलीच, तर अक्षराची तारीफ करण्यास प्रत्यवाय नाही.

प्रारंभास कारण आहे. आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, आज अकरा वर्षांनी आमच्या घरी येत आहे. आई एक्याऐंशी, मावशी अठ्ठ्याहत्तर. अकरा वर्षे दोघींत अबोला. अबोल्याचे कारण एक छायाचित्र. मध्ये आजोबा आणि दोन बाजूंना या दोन मुली, असा त्यांचा एकमेव फोटो होता. मावशीने तो फ्रेम करायला टाकला. फ्रेमवाल्याने काचेच्या मापात बसावा म्हणून डावीकडची कड कापली. डावीकडे आई होती. परिणामी मावशीच्या बैठकीच्या खोलीत आज आजोबा आहेत, मावशी आहे आणि आईचे कोपर आहे.

मावशीचे म्हणणे, "मी नाही कापलं, फ्रेमवाल्यानं कापलं." आईचे म्हणणे, "कात्री त्याची असेल, माप कोणी दिलं?" या एका प्रश्नावर अकरा वर्षे गेली. आमच्या कार्यालयातसुद्धा प्रकरणे याहून लवकर निकाली निघतात.

गेल्या महिन्यात मावशीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. आईने आपण होऊन फोन लावला आणि म्हणाली, "आता नीट दिसतं ना? मग ये आणि बघून जा. मी अख्खी आहे."

सायं. ६.३०

मावशी आली. दारात दोघींनी एकमेकींना न्याहाळले. मग आई म्हणाली, "बारीक झालीस," आणि मावशी म्हणाली, "तू नाही झालीस." संबंध पूर्ववत झाल्याचे मी मानतो.

चहा घेताना ठरले ते असे: दोघींचा एकत्र फोटो काढायचा. त्याच्या दोन प्रती, एकाच मापाच्या, तसूभरही कमीजास्त नको. एक आईला, एक मावशीला. मावशीची गाडी पुढच्या रविवारी सकाळी ९.२० ला. त्यापूर्वी प्रती हातात पाहिजेत, कारण आईच्या शब्दांत, "मागाहून पाठवते म्हटलं की मधे फ्रेमवाला येतो."

हे कार्य कोणावर सोपवावे याबद्दल चर्चा सुरू होण्यापूर्वीच मी ते स्वीकारले.

सौ. म्हणाल्या, "अहो, फोनवर पण एक काढून ठेवू या." मी शांतपणे स्पष्ट केले की, एका म्यानात दोन छायाचित्रकार राहू शकत नाहीत. उद्या माझ्या उपस्थितीत कोणीही खिशातून फोन काढणार नाही. सौ. म्हणाल्या, "बरं." हे 'बरं' मी गेली सव्वीस वर्षे ऐकत आहे. त्यात संमती असते.

संकल्प: (१) बॅटरी पूर्ण भारित करणे. (२) भिंग पुसणे. (३) नम्र राहणे.

रविवार, दि. १०. दुपारी १

चित्रण संपन्न. एकूण छायाचित्रे दोनशे चौदा. दोघी एकत्र असलेले: एक. उर्वरित दोनशे तेरा ही पूर्वतयारी होती.

एकच का, याचा खुलासा करून ठेवतो. आई कॅमेरा दिसताच मान फिरवते आणि मावशी कॅमेरा दिसताच बोलू लागते. शिवाय मी दोघींना ऊर्ध्वरचनेत, म्हणजे कॅमेरा उभा धरून, खिडकीपाशी उभे केले होते. आडवा फोटो ही सामान्यांची सोय आहे. उभ्या फोटोला भारदस्तपणा असतो. कोन उंचावरून साधावा म्हणून मी स्टुलावर चढलो आणि म्हणालो, "गंभीर व्हा." त्याच क्षणी स्टुलाने आपला कोन बदलला व मी थोडा खाली आलो. दोघी एकमेकींचा हात धरून अशा हसल्या की आईचा चष्मा नाकावरून घसरला. खाली येता येताही माझे बोट बटणावर होते. कलावंत असा असतो.

आईने कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर तो फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "मी हसतेय." मावशी म्हणाली, "हो. आणि अख्खी आहेस." पुन्हा उभ्या राहा म्हणालो, तर दोघीही नाही म्हणाल्या. आई म्हणाली, "तसं हसू आता परत यायचं नाही. तुला काय रोज पडायला सांगू?"

गुडघ्याला किरकोळ इजा.

सोमवार, दि. ११. सायं. ७

कॅमेरा संगणकाला जोडायची वायर सापडत नाही. सौ.ना विचारले. त्यांनी तीन वर्षांपूर्वी त्या वायरने जुनी वर्तमानपत्रे बांधून रद्दीत दिली होती. संताप आवरला.

हॉस्टेलवरून कन्येचा फोन आला. म्हणाली, "बाबा, कार्ड काढा आणि सरळ प्रिंटवाल्याला द्या. तो पाच मिनिटांत देईल काढून." ही पिढी आयते मागते. दोनशे चौदा मूळ कलाकृती परक्याच्या हाती द्यायच्या? प्रथम त्या स्वगृही संगणकावर आणल्या पाहिजेत, त्यांचे वर्गीकरण झाले पाहिजे, अनुक्रमांक पडले पाहिजेत. अभिलेखाचे शास्त्र आहे. आमच्या कक्षात आजवर एकही फाईल हरवलेली नाही. काही सापडलेल्या नाहीत, एवढेच.

कार्ड रीडर विकत आणला. काडेपेटीएवढे यंत्र. दुकानदार म्हणाला, "यात काही शिकण्यासारखं नाही साहेब, कार्ड घाला की झालं." माझ्या चेहऱ्यावरून त्याला माझी योग्यता कळली असावी.

मंगळवार, दि. १२. सकाळी ६.४५

कार्ड रीडरला चार मुखे आहेत. माहितीपत्रक नाही. चारही मुखांत कार्ड घालून पाहिले. पहिल्यात जात नाही. दुसऱ्यात जाते, पण राहत नाही. तिसऱ्यात गेले व बाहेर येईना. ते सौ.नी केसांच्या पिनेने काढले. निष्कर्ष: चौथे.

संगणकाची पुढची भोके बंद पडलेली असल्याने रीडर मागे लावावा लागतो. मागे म्हणजे टेबलाखाली, भिंतीकडून. भोक दिसत नाही, हाताने चाचपावे लागते. पहिल्यांदा उलटे लावले. फिरवले, तरी उलटेच. तिसऱ्यांदा लागले. यात काही तत्त्व असावे. टेबलाखालून मावशीचे पाय दिसले. ती आईला विचारत होती, "हा काय शोधतोय गं?" आई म्हणाली, "लहानपणापासून असाच आहे."

सायं. ८

कार्डाच्या कडेला इवलीशी खिट्टी असल्याचे लक्षात आले. ती खाली सरकवली की कार्डाला कुलूप लागते व आतले काहीही पुसले जाऊ शकत नाही. तत्काळ कुलूप लावले. घरात दोन वृद्ध स्त्रिया आहेत, काळजी घेतलेली बरी.

बुधवार, दि. १३. सायं. ७.५५

अद्भुत! स्थलांतर पूर्ण. दोनशे चौदा छायाचित्रे चार सेकंदांत कार्डावरून संगणकावर आली.

पद्धत भावी अभ्यासकांसाठी नोंदवतो. कार्डावरची सर्व छायाचित्रे निवडली. माऊसचे उजवे बटण दाबले. सूचनांची लांबलचक यादी आली. तिच्यात 'सेंड टू' असे होते. त्यावर गेलो तर आणखी एक यादी आली व तिच्यात 'डेस्कटॉप'. पुढे बारीक अक्षरांत आणखी काहीतरी लिहिले होते, पण डेस्कटॉप म्हणजे संगणकाचा दर्शनी भाग हे मी जाणतो, म्हणून पुढचे वाचण्याची आवश्यकता भासली नाही. दाबले. पडदा छायाचित्रांनी गजबजून गेला. कन्या फोनवर म्हणाली होती, संगणकावर आणायला अर्धा तास लागेल. चार सेकंद!

दोन विशेष निरीक्षणे. एक: प्रत्येक चित्राच्या डाव्या कोपऱ्यात छोटासा वळलेला बाण उमटला आहे. स्थलांतर यशस्वी झाल्याची ती मुद्रा असावी. आमच्याकडेही आवक फाईलवर शिक्का मारतात. दोन: प्रत्येक छायाचित्राला जागा जेमतेम एक केबी लागली आहे. कार्डावर तेच छायाचित्र पाच हजार केबी अडवून बसले होते. माझ्या संगणकाची शिस्त पाहून ती आपोआप आवरून बसली असावीत.

सर्व चित्रे 'मातृभगिनीमीलन, मूळ प्रती, अंतिम' नावाच्या फोल्डरात हलवली. प्रत्येक उघडून पाहिले. स्पष्ट दिसतात. (रीडर व कार्ड तसेच मागे लावलेले आहे. काढायला टेबलाखाली जावे लागते. उद्या काढीन.)

सौ.ना बोलावून दाखवले. त्यांनी विचारले, "मग आता प्रिंट कधी?" कौतुकाचा अभाव.

आई व मावशी दोघींनी येऊन फोटो क्रमांक १६३ पाहिला. मावशी पडद्याच्या इतकी जवळ गेली की काचेला नाक लागले. म्हणाली, "ताई, तुझा चष्मा बघ." आई म्हणाली, "तुझे दात बघ." मग दोघी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ हसत होत्या.

गुरुवार, दि. १४. सकाळी ७.३०

आज रजा. कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करून नव्या कलाभ्यासास प्रारंभ करण्याचा संकल्प. टेबलाखालून रीडर काढला, कार्ड कॅमेऱ्यात घातले.

कॅमेऱ्याने लिहिले: कार्ड लॉक आहे. यंत्रे कधीकधी उगाच आडवी येतात. खिट्टी वर केली. नंतर 'फॉरमॅट' निवडले. कॅमेऱ्याने पुन्हा विचारले: सर्व माहिती नष्ट होईल, खात्री आहे का? खात्री हा माझा स्थायीभाव आहे. होय दाबले.

दुपारी ४

'घटप्रकाश' या शीर्षकाची मालिका पूर्ण. गच्चीवरची निळी बादली, सकाळपासून दुपारपर्यंतच्या बदलत्या उजेडात, एकशे बारा छायाचित्रे. शेजारीण कपडे वाळत घालायला आली होती. म्हणाली, "बादली विकायची आहे का?" समाजाची अभिरुची.

आई व मावशींत किंचित खटका. मावशी म्हणाली, "छापताना हा मला नको तिथे कापेल बघ." आई म्हणाली, "कापलं जाणं म्हणजे काय ते तुला एकदा कळू दे." मावशी म्हणाली, "अजून तेच?" जेवताना एकमेकींना पाणी वाढले, पण नावाने हाक मारली नाही. प्रती लवकर हातात दिल्या पाहिजेत.

शुक्रवार, दि. १५. दुपारी १२.१५

फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन प्रिंटच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाईंनी फोल्डर उघडले. दोनशे चौदा चित्रांच्या जागी दोनशे चौदा पांढरे कागद दिसत होते, प्रत्येकावर वळलेला बाण. एकही उघडेना. बाई म्हणाल्या, "साहेब, यात फोटो नाहीत. फोटो कुठे आहेत त्याचे पत्ते आहेत."

मी त्यांना त्यांच्या संगणकाच्या अवस्थेविषयी चार शब्द सुनावले. शेवटी त्या म्हणाल्या, "घरच्यावर उघडून बघा ना, मग बोला." अवश्य म्हणालो. आत्मविश्वासाने बाहेर पडलो. दरवाजा आत ओढायचा होता.

दुपारी १.४०

घरचा संगणकही तेच म्हणतो. "ही वस्तू जिथे होती तिथे आता नाही." दुकानातून संसर्ग आला असावा.

दुपारी २.१०

कन्येला फोन केला, केवळ सैद्धांतिक स्वरूपाची शंका म्हणून. बाण सांगितला. एक केबी सांगितले. तिने दोन्ही गोष्टी पुन्हा सांगायला लावल्या. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही फोटो आणलेच नाहीत. शॉर्टकट आणले. नुसत्या खुणा. फोटो कार्डावरच आहेत, घाबरू नका, कार्ड परत लावा." मी म्हणालो, मी घाबरत नसतो. ती म्हणाली, "कार्ड आहे ना तसंच?" मी म्हणालो, कार्ड उत्तम स्थितीत आहे.

हे सत्य आहे. कार्डाला ओरखडाही नाही.

दुपारी २.३०

कार्ड लावले. बादली.

सर्व एकशे बारा नीट आली आहेत.

सायं. ६

परिस्थितीचे शांतपणे अवलोकन केले. माझी चूक कोठेही नाही. मी 'सेंड टू' म्हटले होते. पाठवा म्हटल्यावर पाठवायला नको? कार्यालयात मी असे पाठवा म्हणालो आणि शिपायाने फाईल जागेवर ठेवून नुसती चिठ्ठी आणली, तर त्याला मेमो मिळतो. (एकदा आणली होती. मी सही केली होती. तो विषय वेगळा.)

आईने विचारले, "झाले का प्रिंट?" मी म्हणालो, प्रक्रिया चालू आहे. मावशी आईकडे न पाहता म्हणाली, "फ्रेमवालाही हेच म्हणाला होता."

आई आत जाऊन स्वतःच्या शालीच्या घड्या घालत बसली. एकच शाल, पाच वेळा.

आज प्रथमच चहा गोड लागला नाही. साखर कमी असावी.

शनिवार, दि. १६. सकाळी ११

संगणक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. सगळे सौ.ना सांगावे लागले, कारण दुकानाचा पत्ता त्यांच्याकडे होता. सौ. म्हणाल्या, "मी म्हटलं होतं फोनवर एक काढू या." मी विचारले, काढला का? त्या म्हणाल्या, "नाही. तुम्ही नको म्हणालात ना." पत्नीने एवढे आज्ञाधारक असू नये.

दुरुस्तीवाला सज्जन आहे. म्हणाला, "काका, फॉरमॅट झालं तरी फोटो लगेच जात नाहीत, वरून काही लिहिलं नसेल तर सगळे मिळतात. त्यानंतर कार्डावर काही काढलंत का?" मी म्हणालो, फक्त एकशे बारा. तो म्हणाला, "कशाचे?" मी म्हणालो, बादलीचे. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "एकाच बादलीचे?" त्याला प्रकाशाचा विषय समजावून सांगणार होतो, पण तो कामाला लागला होता.

तासाभराने त्याला एक्याऐंशी छायाचित्रे मिळाली. त्यात पडदा, पंखा, स्टुलाचे पाय, माझा अंगठा (सात वेळा) आणि क्रमांक १६३!

पूर्ण नव्हे. तो म्हणाला, "हा फोटो कार्डावर दोन तुकड्यांत साठवला होता. मधले फोटो पुसत राहिलं की असं होतं. एक तुकडा मिळाला. दुसऱ्यावर बादली बसली." त्यामुळे चित्राचा खालचा भाग नुसता करडा आहे. मात्र मी कॅमेरा उभा धरला होता! म्हणजे खालचा भाग वस्तुतः डावा भाग ठरतो. उजवीकडची साठ टक्के प्रतिमा अबाधित. साठ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी. मला स्वतःला कधी मिळाली नव्हती.

दुपारी १.३०

त्याच्याकडूनच दोन प्रती छापून घेतल्या, एकाच मापाच्या. घरी येऊन टेबलावर शेजारीशेजारी मांडल्या आणि दोघींना बोलावले. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत हे मी आरंभीच स्पष्ट केले.

उजवीकडे मावशी, दिलखुलास हसणारी, सगळे दात. डावीकडे करडा रंग. मावशीचा हात कोणाच्यातरी हातात आहे असे वाटते, पण तो कोणीतरी म्हणजे करडा रंग आहे.

आई चष्मा लावून वाकली. एक प्रत पाहिली, मग दुसरी. सौ. भाजी हलवायची थांबवून दारात येऊन उभ्या होत्या.

आई म्हणाली, "या वेळी कोपरसुद्धा नाही."

मावशी खुर्चीवर बसली. तिचा चेहरा पाहून मला वाटले आता तिच्यासाठी पाणी आणावे लागेल. मग तिने दोन्ही प्रती उचलल्या, आईच्या पुढ्यात धरल्या आणि मोठ्याने म्हणाली, "ताई, नीट बघ. या वेळी कात्री नव्हती. फ्रेमवाला नव्हता. माप मी दिलं नव्हतं. आठ दिवस मी तुझ्या डोळ्यांसमोर होते. तरी तू कापली गेलीस की नाही? आता तरी पटलं का, मी नव्हतं गं केलं ते?"

आईने तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. बराच वेळ माझ्याकडेच पाहत होती. मग म्हणाली, "पटलं. अशी माणसं असतात."

अकरा वर्षांचा वाद मिटवल्याबद्दल जन्मदात्रीकडून असे गौरवोद्गार मिळणे हे भाग्य होय. मी नम्रपणे मान लववली. तेव्हा मावशीला हसू फुटले, मग आईला, मग दोघी एकमेकींना धरून इतक्या हसल्या की सौ.नी खरोखरच पाणी आणले. मी म्हणालो, थांबा, कॅमेरा आणतो. तिघीही एकदम "नको" म्हणाल्या.

सायं. ५.४५

दोघी आपण होऊन कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत गेल्या. मला शाली धरायला नेले. स्टुडिओवाल्याने दोघींना बाकावर बसवले, "हं" म्हणाला, आणि झाले. एकच फोटो. आडवा. ना रचना, ना उंची. दहा मिनिटांत दोन प्रती हातात.

या फोटोत दोघी हसत नाहीत. शाळेत नाव घालायला आल्यासारख्या ताठ बसल्या आहेत. मावशीचे डोळे मिटलेले आहेत. हा तांत्रिक दोष मी तिथल्या तिथे निदर्शनास आणून दिला. मावशी म्हणाली, "असू दे. उघडे असतात तेव्हा तरी मला काय मोठं दिसलं?" आईने दोन्ही प्रती पाठीला पाठ लावून उजेडात धरल्या, चारही कडा बोटाने तपासल्या. मग एक मावशीच्या हातात दिली आणि दुसरी स्वतःच्या शालीत गुंडाळली.

परत येताना दोघी पुढे चालत होत्या, हातात हात. मी मागे. मला वाटते माझ्याविषयीच बोलत असाव्यात.

रविवार, दि. १७. सकाळी १०.४०

मावशीची गाडी वेळेवर सुटली. आई फलाटावर हात हलवत राहिली, डबा दिसेनासा झाला तरी. मावशी खिडकीतून ओरडत होती, "पोचले की फोन करते!" आई ओरडली, "पोचायच्या आधीच कर!"

आठवड्याचा आढावा: कार्य सिद्धीस गेले. एकंदरीत माझे नियोजन यशस्वी. दोन बहिणी एकत्र आल्या, दोन समान प्रती वेळेत मिळाल्या, एकशे बारा घटप्रकाश चित्रे सुरक्षित आहेत. कार्ड रीडरही आता सरावाचा झाला. पुढील आठवड्यात कार्यालयातल्या जुन्या नोंदींचे छायाचित्रण करून संगणकीकरणाचा प्रस्ताव साहेबांपुढे मांडण्याचा संकल्प आहे.

सोमवार, दि. १८. सकाळी ७

कॅमेऱ्याची बॅग दिसत नाही. आई शांतपणे म्हणाली, "ती होय? ती दिली तिला. किती छान कप्पे आहेत, सकाळच्या गोळ्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. डोळ्यांचे थेंब उभे राहतात त्यात." मी म्हणालो, आई, ती कॅमेऱ्याची बॅग आहे. आई म्हणाली, "मग? कॅमेरा टेबलावर ठेवलाय ना मी तुझा. पुसून ठेवलाय."

बॅगेच्या आतल्या कप्प्यात कॅमेऱ्याचा चार्जर होता.

मंगळवार, दि. १९. सायं. ७.२०

मावशीला फोन लावला. व्यस्त. आईला सांगायला गेलो, तर आई फोनवर होती. मावशीशी.

बुधवार, दि. २०. सकाळी ६.५०, पुन्हा दुपारी १, पुन्हा सायं. ६.१५, ७, ७.३०

व्यस्त. आईला खुणेने सांगितले, चार्जर, चार्जर विचार. आईने खुणेने सांगितले, थांब. मावशी तिकडून शेजारणीच्या सुनेचे काहीतरी सांगत होती. पाऊण तासाने आईने फोन ठेवला. विचारलेस का? "अगं बाई, विसरलेच. थांब, लावते परत." लावला. तासभर झाला.

गुरुवार, दि. २१. सायं. ७.४०

कॅमेऱ्याची बॅटरी संपली आहे. त्या मापाचा चार्जर आता दुकानात मिळत नाही. मावशीचा फोन व्यस्त. आईचा फोन व्यस्त. पत्र टाकावे, तर घराचा क्रमांक फक्त आईला माहीत आहे, आणि आई फोनवर आहे.